हेरोद घराण्याचीं नाणीं व त्यांवरील पदव्या

रोमचे अंकित होऊन यहुदी लोकांवर राज्य करणाऱ्या हेरोद घराण्याचा इतिहास बव्हंशीं योसेफस या एकाच ग्रंथकारावर अवलंबून आहे. हा ग्रंथकार जातीनें यहुदी, पण रोमन सम्राटांच्या आश्रयास राहिलेला. आणि त्याच्या दोन ग्रंथांतहि सर्वत्र एकवाक्यता नाहीं. हेरोदपुत्र अर्खेलाव याच्या मुलखाचें वार्षिक उत्पन्न त्यानें एके ठिकाणीं ४०० टॅलेंट, तर दुसरे ठिकाणीं ६०० टॅलेंट दिलें आहे. अशा स्थितींत समकालीन नाण्यांची साक्ष मोलाची ठरते. त्या नाण्यांवरील पदवी हा केवळ अलंकार नसून रोमनें दिलेल्या अधिकाराची तंतोतंत नोंद आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पहिला हेरोद हा इदूमी कुळांतला. इ. स. पू. ४० मध्यें अँटनी व ऑक्टेव्हियन यांच्या पाठिंब्यानें रोमच्या सीनेटनें त्यास यहुद्यांचें राजपद दिलें. त्या वेळीं यरुशलेम हसमोनी घराण्यांतील अँटिगोनस याच्या ताब्यांत होतें. इ. स. पू. ३७ मध्यें रोमन सेनापति सोसिउस याच्या साहाय्यानें तें शहर पडलें, तेव्हां कोठें पदवीस राजधानी लाभली. म्हणजे पदवी आधीं व राज्य मागाहून, असा येथील क्रम आहे. पुढें ॲक्टियमच्या लढाईंत अँटनीचा पराभव झाल्यावर इ. स. पू. ३० मध्यें हेरोद मस्तकावरील राजपट्ट उतरवून ऱ्होड्स येथें विजयी ऑक्टेव्हियनपुढें उभा राहिला; तो पट्ट त्यास परत मिळाला. देणारा कोण, याविषयीं उभयतांस संदेह नव्हता.

इ. स. पू. ४ मध्यें हेरोद वारला. त्याचें मृत्युपत्रहि ऑगस्टसच्या मंजुरीवांचून अमलांत येण्याजोगें नव्हतें. वारसांचा तंटा रोमांत चालू असतां यहुद्यांचे ५० प्रतिनिधि तेथें गेले व आम्हांस या घराण्याचा राजाच नको, अशी त्यांनीं विनंती केली. ऑगस्टसनें मधला मार्ग काढला. अर्खेलावास 'एथ्नार्क', म्हणजे जनाधिपति, केलें. अंतिपा व फिलिप्प यांस 'टेट्रार्क', म्हणजे शब्दशः चतुर्थांशाधिपति, केलें. राजपद कोणासच दिलें नाहीं. अर्खेलावानें योग्यता दाखविल्यास पुढें देऊं, एवढेंच आश्वासन दिलें. तें फळास आलें नाहीं. इ. स. ६ मध्यें तो पदच्युत झाला व त्याचा मुलूख खालसा झाला.

संग्राहकांनीं विशेष लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, अर्खेलाव व अंतिपा या दोघांनींहि नाण्यांवर 'हेरोद' हेंच कुलनाम घातलें. पित्याच्या नाण्यावर ग्रीक भाषेंत 'हेरोद राजाचें', एका पुत्राच्या नाण्यावर 'हेरोद एथ्नार्काचें' व दुसऱ्याच्या नाण्यावर 'हेरोद टेट्रार्काचें' असा लेख आहे. नांवाचीं अक्षरें शाबूत राहून पदवीचीं झिजलीं, तर केवळ नांवावरून निर्णय करूं नये. राजपदहि एकटें पुरत नाहीं. पहिल्या हेरोदाचा नातू, खाल्किसचा हेरोद, हाहि 'राजा'च म्हणवितो. परंतु त्याच्या नाण्यांवर मनुष्याकृति असून 'क्लॉडियसमित्र' हें बिरुद आढळतें. आजोबांच्या तांब्याकाशाच्या नाण्यांवर मनुष्यमुख नाहीं.

मार्काच्या शुभवर्तमानांत अंतिपास 'राजा' म्हटलें आहे; लूक त्यास टेट्रार्क म्हणतो; मत्तय प्रथम टेट्रार्क म्हणून त्याच कथेंत पुढें राजा म्हणतो. नाणीं टेट्रार्क या पदवीच्याच बाजूचीं आहेत. मार्काचा शब्द लोकव्यवहारांतला व नाण्यावरचा शब्द अधिकृत, असें मानल्यास विरोध राहत नाहीं. मात्र हा भेद अंतिपास स्वतःस क्षुल्लक वाटत नव्हता. इ. स. ३७ मध्यें सम्राट गायस यानें अंतिपाचा पुतण्या अग्रिप्पा यास मृत फिलिप्पाचा मुलूख राजपदासह दिला. तेव्हां अग्रिप्पाची बहीण व अंतिपाची पत्नी हेरोदिया हिनें पतीस तेंच पद मागण्यासाठीं रोमास नेलें. अग्रिप्पानें उलट फिर्याद केली कीं, अंतिपानें ७०,००० लोकांस पुरतील इतकीं शस्त्रें सांठविलीं आहेत. पद मिळालें नाहींच; होतें तेंहि जाऊन तो हद्दपार झाला. त्याच्या अखेरच्या नाण्यांवर गायसचें नांव व ४३ वें वर्ष आहे. इ. स. पू. ४ हें पहिलें वर्ष धरल्यास तें इ. स. ३९ येतें. येथें नाणें व ग्रंथ परस्परांस दुजोरा देतात.

इ. स. ४१ मध्यें क्लॉडियसनें अग्रिप्पास यहूदीयाहि दिला. त्याच्या सहाव्या वर्षाच्या नाण्यावर एका बाजूस छत्र व 'अग्रिप्पा राजाचें' हा लेख, दुसऱ्या बाजूस धान्याचीं तीन कणसें आहेत. यहुदी धर्मभावनेस अनुसरून मुखाकृति नाहीं. यहुदेतर वस्तीसाठीं पाडलेल्या नाण्यांवर मात्र मुखाकृति असून 'महान् राजा, कैसरमित्र' अशीं बिरुदें येतात. या महान् राजानें यरुशलेमची तटबंदी आरंभिली, ती सीरियाचा रोमन सुभेदार मार्सुस याच्या तक्रारीवरून थांबली. तिबिर्या येथें त्यानें पांच राजे जमविले, त्यांस मार्सुसनें आपापल्या घरीं जाण्यास फर्माविलें. बिरुदांतील 'महान्' हा शब्द किती वजनाचा व 'कैसरमित्र' हा किती, हें यावरून उघड होतें.

इ. स. ४४ मध्यें तो वारला. पुत्र दुसरा अग्रिप्पा १७ वर्षांचा, म्हणून मुलूख पुनः रोमन अधिकाऱ्याकडे गेला. त्यास पुढें अन्यत्र राज्य व राजपद मिळालें. यरुशलेमचें राज्य मिळालें नाहीं. इ. स. ६६ च्या बंडांत तो रोमच्या बाजूस राहिला. इ. स. ७० मध्यें मंदिर जळालें. त्यानंतरच्या त्याच्या नाण्यांवर व्हेस्पेशियन, टायटस व डोमिशियन यांच्या मुखाकृति आहेत. पणज्याच्या नाण्यावर सम्राटाचें मुख नव्हतें, तरी पदवी सम्राटाचीच होती. पणतूच्या नाण्यावर देणाराचें मुखहि उमटलें, इतकाच फरक. यासाठीं अंकित राजांचीं नाणीं पाहतांना नांवाआधीं पदवी वाचावी, व ती कोणी दिली हें तपासावें, एवढें सुचवून हा लेख पुरा करतों.