हार्डनला पाठवलं तो 'व्यवहार', मग ड्युरंट गेला तर 'गद्दार' कसा?

ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

आज एका शब्दावर बोलायचंय: गद्दार. जुलै २०१६ मध्ये केविन ड्युरंटने ओक्लाहोमा सिटी थंडर सोडून गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे जायचं जाहीर केलं. काही चाहत्यांनी त्याच्या जर्सी जाळल्या, त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. खोटं कशाला बोलू, मीही चिडलो होतो. पुढे या सगळ्याचा इतिहास वाचत गेलो आणि माझं मत बदललं. ते कसं बदललं, तेच सांगतो.

त्यासाठी आधी १९७० मध्ये जाऊ. तेव्हा एनबीएमध्ये खेळाडूचा करार संपला तरी त्याच्यावरचा हक्क टीमकडेच राहायचा. टीम त्याला दुसरीकडे पाठवू शकायची, पण त्याला स्वतःहून जाता येत नव्हतं. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता ऑस्कर रॉबर्टसन, त्या काळातला सगळ्यात मोठ्या खेळाडूंपैकी एक. त्याने लीगलाच कोर्टात खेचलं. तडजोड व्हायला १९७६ उजाडलं आणि रॉबर्टसन १९७४ मध्येच निवृत्त झाला होता. म्हणजे भांडला तो आणि फायदा झाला पुढच्यांचा.

पूर्ण मोकळीक मिळायला आणखी एक तप गेलं. १९८८ मध्ये टॉम चेंबर्स हा पहिला खराखुरा 'अनरिस्ट्रिक्टेड फ्री एजंट' ठरला. म्हणजे जुन्या टीमला त्याला अडवायचा कसलाच हक्क उरला नव्हता. तो सिएटल सुपरसॉनिक्स सोडून फिनिक्सला गेला. आता गंमत बघा. हीच सिएटलची टीम २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला हलवली गेली आणि तिचं नाव झालं थंडर!

दुसऱ्या बाजूला मालकांनाही आपला खर्च आवरायचा होता. १९८४-८५ च्या मोसमापासून आजच्या रूपातली सॅलरी कॅप आली. प्रत्येक टीमला पगारासाठी ३६ लाख डॉलरची मर्यादा, आणि त्या बदल्यात लीगच्या उत्पन्नातला ५३ टक्के वाटा खेळाडूंना. आयपीएलची पर्स तुम्हाला माहितीच आहे. ती संपली की विषय संपला. एनबीएची कॅप तेवढी कडक नाही. स्वतःचा खेळाडू टिकवण्यासाठी टीमला ती ओलांडता येते. बोस्टनच्या लॅरी बर्डवरून या सवलतीला 'बर्ड एक्सेप्शन' म्हणतात. मात्र पगार फारच वर गेले तर 'लक्झरी टॅक्स' भरावा लागतो.

आता या २०१२ मध्ये. ड्युरंट, रसेल वेस्टब्रुक आणि जेम्स हार्डन, तिघेही विशीतले, थंडरला फायनलपर्यंत घेऊन गेले. मायामीने त्यांना ४-१ ने हरवलं, पण सगळे म्हणत होते की ही पोरं परत येणार. तेवढ्यात हार्डनच्या नव्या कराराचा विषय निघाला. तेव्हाच्या बातम्यांनुसार थंडरची ऑफर होती चार वर्षांसाठी साधारण साडेपाच कोटी डॉलर आणि नियमांनुसार त्याला जास्तीत जास्त मिळू शकत होते सुमारे सहा कोटी. २०११ च्या टाळेबंदीनंतर लक्झरी टॅक्सचे नवे, जास्त जाचक दर लागू होणार होते आणि ओक्लाहोमा सिटी हे छोटं मार्केट. मॅनेजर सॅम प्रेस्टीने मोसम सुरू व्हायच्या तोंडावर, २७ ऑक्टोबरला, हार्डनला ह्यूस्टनला पाठवून दिलं. तिथे तो २०१८ मध्ये एमव्हीपी झाला.

तेव्हा प्रेस्टीला गद्दार कोण म्हणालं? सगळे म्हणाले, "काय करणार, बिझनेस आहे."

पुढे २०१४ मध्ये लीगने नऊ वर्षांसाठी २४ अब्ज डॉलरचा टीव्ही करार केला. पैशाचा पूर येणार हे दिसत होतं. लीगचं म्हणणं होतं की कॅप हळूहळू वाढवू. खेळाडूंच्या संघटनेने नकार दिला. त्यांनाही आपला वाटा लगेच हवा होता, आणि तो त्यांच्या हक्काचाच होता. त्यामुळे २०१६ च्या उन्हाळ्यात कॅप ७ कोटींवरून एकदम ९ कोटी ४१ लाखांवर गेली. त्या मोसमात ७३ सामने जिंकलेल्या वॉरियर्सकडे अचानक आणखी एका सुपरस्टारसाठी जागा तयार झाली. स्टेफ करीचा पगारही कमी होता, कारण घोट्याच्या दुखापतींच्या काळात त्याने चार वर्षांचा ४.४ कोटींचा करार केला होता. त्याच मे महिन्यात थंडर ३-१ ने पुढे असूनही वॉरियर्सकडून हरले होते. ड्युरंटचा करार संपला आणि तो गेला. बदल्यात थंडरला काहीच मिळालं नाही.

बघा ना, दोन्ही वेळा पैशाचं आणि नियमांचंच गणित होतं. पहिल्यांदा टीमने त्याचा फायदा घेतला, दुसऱ्यांदा खेळाडूने. मग शिवी एकट्या ड्युरंटलाच का? चाहता म्हणून वाईट वाटणं मी समजू शकतो, मलाही वाटलंच होतं. पण तो जो हक्क वापरत होता, त्यासाठी रॉबर्टसन सहा वर्षं कोर्टात लढला होता.

थंडर तिथे संपले नाहीत. २०१२ मध्ये पैसे देऊन ज्याला ठेवलं होतं, त्या सर्ज इबाकाच्या बदल्यात २०१६ मध्ये व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांटास सबोनिस आले. २०१७ मध्ये त्या दोघांना देऊन पॉल जॉर्ज आला. २०१९ मध्ये जॉर्जला क्लिपर्सला देऊन शे गिल्जस-अलेक्झांडर आला, सोबत पहिल्या फेरीचे पाच पिक. त्यातल्या एका पिकवर २०२२ मध्ये जेलन विल्यम्स मिळाला. २०२५ मध्ये शे एमव्हीपी झाला आणि थंडरने इंडियानाला ४-३ ने हरवून ट्रॉफी उचलली. मॅनेजर? तोच, सॅम प्रेस्टी.

जुलै २०२५ मध्ये शे, विल्यम्स आणि चेट होल्मग्रेन या तिघांशीही थंडरने मोठे, लांबचे करार केले. २०२५-२६ ची कॅप आहे १५ कोटी ४६ लाखांच्या आसपास आणि खर्चाचे नियम २०१२ पेक्षाही कडक. तीन तरुण स्टार आणि एक छोटं शहर, म्हणजे प्रश्न पुन्हा तोच. उद्या यातला एखादा गेला, किंवा त्याला पाठवलं गेलं, तर जर्सीला काडी लावायच्या आधी निर्णय कुणी घेतला आणि कुठल्या नियमामुळे, एवढं तरी बघा.

तुम्हाला काय वाटतं, हार्डनला ठेवायला हवं होतं का? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!