इंग्लंडचें जरतारी भरतकाम

शेला हातीं घेतला कीं तो उलटून पाहावा, खरी कारागिरी मागच्या बाजूस कळते, असें आपल्याकडील जाणत्या बायका सांगत. सातशें वर्षांपूर्वींच्या इंग्लंडमधील भरतकामास ही कसोटी तंतोतंत लागू पडते.

१२४६ सालीं पोप चौथे इनोसंट यांनीं कांहीं इंग्रज धर्मगुरूंच्या अंगावर सोन्याच्या कामाचीं वस्त्रें पाहिलीं. तीं कोठें होतात याची चौकशी करून त्यांनीं इंग्लंडमधील सिस्टर्शियन मठाधिपतींना तसलेंच काम धाडण्याविषयीं लिहिलें. ही हकीकत लिहिणारा संन्यासी मॅथ्यू पॅरिस मोठा खवचट. तो म्हणतो, लंडनच्या व्यापाऱ्यांना यांत मुळींच वाईट वाटलें नाहीं. भाव त्यांच्या मनासारखा मिळाला! १२९५ सालच्या पोपच्या खजिन्याच्या यादींत या ‘इंग्रजी कामा’ची नोंद शंभरांहून अधिक वेळां आढळते.

त्याची खुबी ऐका. मुलामा दिलेल्या चांदीची चपटी तार रेशमावर गुंडाळीत, आपल्या कलाबतूसारखीच. असला धागा कापडांतून वारंवार ओढला तर सोनें खरवडून निघतें. म्हणून तो वर अंथरीत आणि पाठीमागून तागाच्या दोऱ्यानें पकडीत. दोरा ज्या छिद्रांतून वर येई त्याच छिद्रांतून परत जाई, आणि जातांना सोन्याचा इवलासा वळसा मागें ओढून नेई. वरून टांका दिसत नसे. प्रत्येक वळसा बिजागरीसारखा वांके, त्यामुळें एवढें सोनें असूनही वस्त्र पत्र्यासारखें ताठ होत नसे. संतांचे चेहरे मात्र रेशमाचे. एका टांक्याचा धागा दुभंगून त्यांतूनच पुढचा टांका काढावयाचा, आणि गालावर तो गोल फिरवीत न्यावयाचा, म्हणजे उजेडांत गाल फुगीर दिसे.

सोळाव्या शतकांतील धर्मक्रांतींत असलीं कित्येक वस्त्रें केवळ सोनें काढून घेण्यासाठीं जाळलीं गेलीं. सायन मठाच्या (मुंबईच्या शीवशीं याचा संबंध नाहीं) जोगिणींनीं परदेशीं जातांना आपला झगा बरोबर नेला. लिस्बनहून तो एकोणिसाव्या शतकांत परतला, आणि आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्यें आहे.

हें काम बहुतेक लंडनमधील पोटार्थी स्त्री-पुरुषांचें. त्यांचीं नांवें क्वचितच सांपडतात. बरी सेंट एडमंड्सच्या मेबलनें तिसऱ्या हेन्री राजाकरितां भरतकाम केलें. १२५६ सालीं राजानें तिला झग्यासाठीं कापड आणि कांठास लावावयास सशाचें केसाळ कातडें देवविलें, एवढें दप्तरांत नमूद आहे. तिच्या हातचें म्हणून एकही वस्त्र आज दाखवितां येत नाहीं.