दसरा चौकातून लंडनला

गेल्या उन्हाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी वडिलांना घेऊन घरी आला. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेला, पुढे इंजिनिअर झालेला. हातात इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचे पत्र होते. एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. वडील उद्यमनगरात लेथ मशीनवर काम करतात. त्यांना पत्रातले काही वाचायचे नव्हते. त्यांना एकच विचारायचे होते, "सर, सूदाच्या पैशानं पोरगं शिकलं तर त्यात बरकत कशी यायची?" बँकेचे कर्ज काढल्याशिवाय मुलगा जाणार नव्हता, आणि कर्ज म्हटले की व्याज आले.

आम्ही मौलवी नाही. आम्ही बी.एड. झालेले साधे शिक्षक. फतवा द्यायचा आमचा अधिकार नाही आणि त्या दिवशी आम्ही तो दिलाही नाही. पण इतिहास शिकवायची सवय असल्यामुळे ते निघून गेल्यावर आमच्या डोक्यात १९२० साल घोळू लागले. कारण परदेशी पदवी, अपुरे पैसे आणि व्याजासह परतफेडीचे वचन या तिन्ही गोष्टी एकदा आमच्या कोल्हापूरच्या दारावरून गेलेल्या आहेत.

राजर्षी शाहू महाराजांनी मुसलमानांसाठी काय केले, हे आपल्या सभांतून पुष्कळदा सांगितले जाते. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यात काही मुस्लिम मुलांचीही सोय झाली. १९०६ साली महाराजांनी शहरातील मुस्लिम पुढाऱ्यांना बोलावून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग आजही त्याची साक्ष देत उभे आहे. कुराणशरीफचा मराठी तर्जुमा व्हावा म्हणूनही त्यांनी खजिन्यातून पैसे दिले. हे सर्व आपल्याला पाठ आहे. पाठ असलेल्या गोष्टींचे एक वाईट असते, त्यांच्यापुढे आपण फारसे जात नाही. बोर्डिंगच्या पायरीवरून पुढे रस्ता कुठे जात होता, हे आम्हीही बरीच वर्षे विचारले नव्हते.

समुद्रापलीकडे काय आहे, हे महाराजांनी स्वतः पाहिले होते. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते इंग्लंडला गेले. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एल.एल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा प्रसिद्ध हुकूम निघाला तेव्हा महाराज इंग्लंडातच होते. आमच्या वर्गातील मुलांना ही गोष्ट फार आवडते. हुकूम कोल्हापूरचा आणि महाराज विलायतेत!

आता डॉ. आंबेडकरांकडे येऊ. त्यांचे परदेशी शिक्षण म्हटले की आपल्याला बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आठवतात, आणि ते बरोबरच आहे. १९१३ साली बडोद्याची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला गेले. शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली ते एम.ए. झाले. १९१६ साली लंडनला येऊन त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तर राहायला जागा मिळेना. तो अपमान सर्वांना ठाऊक आहे, त्यावर आम्ही आणखी काय लिहिणार?

मात्र अर्धी राहिलेली पदवी माणसाला झोपू देत नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार साडेचारशे रुपये. त्या पगारातून ते लंडनसाठी पैसे साठवू लागले. याच सुमारास कोल्हापूरचे दत्तोबा पवार यांच्यामुळे महाराज आणि आंबेडकर यांची गाठ पडली. राजा स्वतः परळच्या चाळीत गेला. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाले, त्यासाठी महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. मार्चच्या २१ आणि २२ तारखेला माणगावची परिषद झाली. आज हातकणंगले तालुक्यात असलेल्या या गावी महाराज स्वतः आले, आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा अर्थाचे बोलले. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी एखाद्याला असे शब्द ऐकायला मिळाले तर तो गावीच राहून पुढारीपण करील. आंबेडकरांनी तसे केले नाही. जुलैमध्ये ते बोटीत बसले आणि पुन्हा विद्यार्थी झाले.

पैशांची जुळणी अशी होती: थोडी स्वतःची शिल्लक, थोडी कोल्हापूरच्या महाराजांची मदत आणि पाच हजारांचे कर्ज. हे कर्ज देणारे होते नवल भथेना, कोलंबियापासूनचे पारशी मित्र. म्हणजे एका महार प्राध्यापकाच्या लंडनच्या शिक्षणाला मराठा राजाचा आणि पारशी दोस्ताचा हात लागला होता. आमच्या मोहल्ल्यात एखाद्या मुलाची फी भरायची वेळ आली की पहिला प्रश्न येतो, तो आपल्या जमातीचा आहे का? असो.

लंडनला ते कसे राहिले हे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. सकाळी पावाचा एखादा तुकडा आणि चहा, मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. रात्री भूक लागली की एका मित्राने दिलेले पापड भाजून खायचे. इकडे मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर ओढत होत्या. जाणाऱ्याच्या उपासाबद्दल आपण बोलतो, मागे राहिलेलीचा उपास हिशेबात धरत नाही. जून १९२१ मध्ये ते एम.एस्सी. झाले. प्रबंधाचा विषय ब्रिटिश हिंदुस्थानातील केंद्र आणि प्रांत यांच्या पैशांची वाटणी हा होता.

पैशांची खरी गंमत, किंवा खरा छळ म्हणू या, पुढेच आहे. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला लंडनमध्ये अडीच शिलिंगांहून जास्त मिळत होते. वर्षभरात रुपया कोसळून सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. एका पौंडाचे शिलिंग वीस. म्हणजे आठ रुपयांना मिळणारा पौंड सोळा रुपयांचा झाला. हे गणित आम्ही सातवीच्या वर्गात फळ्यावर घातले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, मग मुंबईहून पाठवलेले पैसे वाटेतच अर्धे झाले की!" अगदी तसेच झाले. आणि ज्याला ही झळ लागली त्याने पुढचा डी.एस्सी.चा प्रबंध लिहिला तो रुपयाच्याच प्रश्नावर. परीक्षकांनी तो एकदा सुधारायला लावला. दुरुस्त करून पाठवल्यावर १९२३ साली स्वीकारला गेला.

४ सप्टेंबर १९२१ ला आंबेडकरांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहिले. दोनशे पौंड कर्जाऊ हवे होते, बॅरिस्टरीची फी आणि परतीचा खर्च यांसाठी. देणगी मागितलेली नाही. परत आल्यावर व्याजासह फेडीन, असे लिहिले आहे. वर सांगितलेल्या भावांनी मोजले तर हे दोनशे पौंड एके काळी सोळाशे रुपयांत मिळाले असते, आणि पडत्या भावात त्यांना बत्तीसशे पडत होते. ज्याला मदत करायला राजा तयार होता, त्यानेही स्वतःला कर्जदार म्हणवून घेणे पसंत केले. पुढे ६ मे १९२२ ला महाराज मुंबईत वारले. आंबेडकर तेव्हा परदेशातच होते. ज्याच्याकडे हक्काने पत्र लिहावे असे ते दार बंद झाले.

आता कोणी म्हणेल, हे त्यांचे झाले, आपले कोण गेले? आपलेही गेले. बद्रुद्दीन तय्यबजी १८६० सालीच मुंबईहून विलायतेला गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. पण आम्हा शिक्षकांना अधिक जवळची वाटते ती मुंबईची अतिया फैजी. १९०६ साली, म्हणजे कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली त्याच साली, ही मुसलमान मुलगी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचे शिक्षण घ्यायला गेली. आजच्या भाषेत बी.एड.च म्हणा. तेथून बहिणींना लिहिलेला मजकूर लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ'त छापून येई, आणि १९२१ साली त्याचे 'जमाना-ए-तहसील' हे पुस्तक झाले. प्रकृतीमुळे तिला अभ्यासक्रम पुरा करता आला नाही, प्रमाणपत्र न घेताच ती परतली. तरी पुस्तक राहिले. डी.एड., बी.एड. करताना आम्हाला फ्रोबेल आणि माँटेसरी शिकवले गेले, अतियाचे नाव कोणी काढले नाही. उर्दू आमची स्वतःची जबान असूनही!

पण तय्यबजी आणि फैजी ही सधन, व्यापारी घराणी. लेथवर काम करणाऱ्याच्या मुलाला त्यांच्या वाटेने जाता येत नाही. त्याला बोर्डिंग लागते, शिष्यवृत्ती लागते, नाहीतर कर्ज लागते. महाराष्ट्र सरकारची अनुसूचित जातींच्या मुलांसाठी परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिला नाव राजर्षी शाहू महाराजांचेच आहे आणि ते योग्यच आहे. अल्पसंख्याक मुलांसाठी केंद्र सरकारची 'पढो परदेश' ही योजना होती. परदेशी मास्टर्स किंवा पीएच.डी. करणाऱ्याने बँकेचे कर्ज काढले तर शिकण्याच्या काळातले व्याज सरकार भरत असे. २०२२-२३ पासून ती बंद झाली. आमच्या लेथवाल्या भाईंचा प्रश्न अर्धा तरी त्या योजनेने सोडवला असता, कारण सूद त्यांच्या हातून जाणारच नव्हता. मुलगा मोठा होईपर्यंत योजना राहिली नाही.

आम्ही एका रविवारी बाप-लेकाला घेऊन दसरा चौकात गेलो. महाराजांच्या पुतळ्याजवळ रस्त्याकडेला उभे राहून त्या दोनशे पौंडांची गोष्ट सांगितली. भाईंनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "महाराजांनी ते पैसे दिले का, सर?" आम्ही सांगितले, मागितल्याचे पत्र आम्ही वाचले आहे, पुढचे शोधतो आहोत. ते मुलाकडे वळून म्हणाले, "तू मागून तरी बघ." त्या आठवड्यात त्यांनी राहत्या घराचे कागद बँकेत नेले. मजहबाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कुणाकडून घेतले, हे आम्ही विचारले नाही. मुलगा सप्टेंबरात गेला. फोनवर तो पौंडाचा भाव आधी सांगतो, तब्येतीचे नंतर.