दगडाचे वय आणि मजुराची कुदळ

इंग्लंडात सॅलिसबरीच्या माळरानावर स्टोनहेंज नावाचे पाषाणवर्तुळ उभे आहे. त्यातील मोठ्या शिळांचे वजन सरासरी २५ टन भरते. हे काम कोणी व केव्हा केले? दगड याचे उत्तर देत नाही. दगडाचे वय म्हणजे तो भूगर्भात घडला तो काळ. माणसाने तो उभा केला तो काळ नव्हे. म्हणूनच कोणी हे श्रेय रोमनांना दिले, तर कोणी ड्रुइड पुरोहितांना.

कामगार चळवळीत वावरलेल्या आम्हांला एक गोष्ट ठाऊक आहे. कोनशिलेवर नाव उद्घाटकाचे असते, पण राबणाऱ्याची खूण कामाच्या जागीच उरते. शास्त्रज्ञांनी नेमकी तीच खूण धरली. भोवतालचा खंदक खणणाऱ्यांनी हरणांच्या शिंगांच्या कुदळी वापरल्या व काम सरताच तळाशी टाकून दिल्या. शिंग वाढत असते तोवर अन्नावाटे त्यात कर्ब येत राहतो. मग आवक थांबते, आणि त्यातील किरणोत्सर्गी कर्ब-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. विलर्ड लिबी यांनी १९४९ साली या हिशेबाने जुन्या वस्तूंची वये काढून दाखविली. १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे वृक्षांच्या वार्षिक वलयांशी ताळा घातला, तेव्हा ही वये शतकानुशतके मागे न्यावी लागली.

यातून काय निष्पन्न झाले? १९५३ साली रिचर्ड ॲटकिन्सन यांना एका शिळेवर कोरलेला खंजीर दिसला. त्यावरून त्यांनी ग्रीसमधील मायसीनीच्या स्थापत्यकाराची कल्पना मांडली. म्हणजे अक्कल परक्याची आणि घाम तेवढा स्थानिकांचा! परंतु खंदक इ. स. पू. ३००० च्या, तर मोठ्या शिळा इ. स. पू. २५०० च्या सुमाराच्या ठरल्या. मायसीनीचे वैभव सुरू होते इ. स. पू. १६०० च्या आसपास. खंजीरही मागाहून कोरलेला. जो गुरू नऊशे वर्षांनंतर जन्मला, त्याने शिकविले तरी कसे?

त्या कुदळी धरणाऱ्यांची नावे आपणांस कधीच कळणार नाहीत. परंतु सुतारकामाप्रमाणे खुंटी व खाच करून आडव्या शिळा बसविण्याची अक्कलही त्यांचीच, एवढा न्याय प्रयोगशाळेने त्यांच्या पदरात घातला. हातांना डोके नसते असे मानणारे आजही थोडे नाहीत. त्यांच्यापुढे आम्ही ही शिंगाची कुदळ ठेवतो.