पानमळ्यातले ऊन

वऱ्हाडच्या शेतीचा इतिहास बहुतेक सगळा कापसाने अडवून ठेवला आहे. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीने कापसाचे भाव आभाळाला नेले, त्याच दशकात रेल्वे आली आणि अकोला, खामगाव, अमरावती ही कापसाच्या बाजारांची गावे झाली. कापसाचे सारे गणित मोकळ्या उन्हावर चालते. धुऱ्यावरच्या बाभळीचे सावट चार तासांवर पडले तरी शेतकरी कुऱ्हाड काढतो. अशा या मुलखात सातपुड्याच्या पायथ्याशी, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा आणि पुढे बुलढाण्यातल्या जळगाव जामोदपर्यंत, बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या नेमकी उलटी शेती केली. त्यांनी सावली पेरली आणि तिच्या पोटात नागवेलीचे पान पिकवले. या पानमळ्यांबद्दल लिहिणारे बहुधा विहीर, मोट आणि पाण्याच्या पाळ्या यांवरच थांबतात. पानमळ्याचे मुख्य कसब उजेड राखण्याचे होते आणि पाण्याचा नंबर त्याच्या खाली लागतो, असे मला वाटते. हे कसब बाजूला ठेवले तर या धंद्याची भरभराट उमगत नाही आणि त्याची उतरणही उमगत नाही.

नागवेल ही मिरीच्या कुळातली वेल. दमट रानात मोठ्या झाडांच्या बुंध्यावर, गाळून आलेल्या उजेडात चढत जाणे हा तिचा स्वभाव. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवेत ओलावा नावालाही नसतो. उघड्या उन्हात तिचे पान जाड, पिवळे आणि कडेने करपलेले निघते, त्याला गिऱ्हाईक नाही. पण म्हणून तिला अंधारात कोंडावे, तर दोन पेऱ्यांमधले अंतर वाढत जाते, वेल उंच आणि पोचट होते, आणि पावसाळ्यात ओल कोंडली की मूळ-खोड कुजवणारी बुरशी एका आठवड्यात वाफेच्या वाफे बसवते. म्हणजे एकाच वेलीला जेठात दाट छाया हवी आणि श्रावणात विरळ. त्यात सूर्याची भर. अकोला आणि अमरावती २१ अंश अक्षांशाच्या अगदी जवळ आहेत. मेच्या चौथ्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्या वेळी कुंपण कितीही उंच असले तरी त्याची सावली त्याच्याच पायाशी मुरते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो, दक्षिणेकडून तिरपा आत शिरतो. उन्हाळ्यात छप्पर लागते, हिवाळ्यात भिंत, आणि दुपार कलल्यावर पश्चिमेकडून येणाऱ्या झळांसाठी बाराही महिने आडोसा.

ही सगळी गरज बारी शेतकऱ्याने झाडांवर भागवली. वेलीचे बेणे लावायचे त्या वाफ्यांत आधी शेवरी टोकली जाई. शेवरी भराभर वाढते. पावसाळ्यात पेरलेली पहिल्या उन्हाळ्यापर्यंत डोक्याच्या वर जाते. जोडीला हादगा, ज्याची बारीक पाने ऊन अडवण्याऐवजी चाळून खाली सोडतात. तिसरा पांगारा, खोडाने दणकट आणि दीर्घायुषी. पण पांगाऱ्यात एक खोट आहे: फाल्गुनाच्या सुमाराला, ऊन तापायला लागते नेमके तेव्हा, तो पाने टाकून लाल फुलांनी भरतो. नुसत्या पांगाऱ्यावर मळा सोडला तर ऐन गरजेच्या वेळी छप्पर गायब. त्यामुळे जिथे पांगारा तिथे शेवरी-हादग्याची भरती आणि कडेने केळी, असे मिश्रण दिसते. बेण्याला मुळे फुटेपर्यंत वरून डहाळ्या किंवा केळीची पाने झाकायची, मग ती एकेक काढत उजेड वाढवत न्यायचा. पाऊस लागला की फांद्यांवर कोयता चालवायचा आणि तोडलेला पाला शेळ्यांना घालायचा किंवा वाफ्यातच कुजवायचा. ही तिन्ही झाडे शेंगवर्गातली, मुळांशी नत्र साठवणारी, त्यामुळे सावलीबरोबर खतही मिळे. वेल झाडाच्या शेंड्याला पोचली की ती खाली उतरवून तिचे वेटोळे मातीत दाबण्याची रीत होती. उतरवलेली वेल पुन्हा जमिनीलगत नवे धुमारे सोडते, पुन्हा रोपासारखी नाजूक होते आणि उजेडाचा हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो. पानमळ्यात कोवळेपण हा लागवडीपुरता टप्पा नसून दर वेळी परत येणारा पाहुणा आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. वेलीला चढायला आधार हवा होता, म्हणून झाडे लावली. सावली आपोआप मिळाली, त्यात कसब कसले? आधाराचे काम बांबूही करतो, आणि बांबू जमिनीतले पाणी पीत नाही. पाण्यासाठी मोट हाकणारा माणूस वेलीच्या तोंडचे पाणी पिणारी तीन जातींची झाडे उगाच पोसणार नाही. दुसरे म्हणजे ऋतू पाहून केलेली छाटणी: नुसत्या आधाराला पाला ठेवण्या-काढण्याचे वेळापत्रक लागत नाही. पण सगळ्यात बोलका पुरावा पानपिंपळीचा. अंजनगाव आणि अकोट भागात याच बारी कुटुंबांनी पानवेलीबरोबर पानपिंपळीही पिकवली. त्रिकटूत सुंठ आणि मिरीबरोबर जाते तीच ही पिंपळी. ती मुळात जमिनीवर पसरणारी. केरळात नारळीच्या बागेत ती आधाराशिवाय सुखाने फळते. तिला उंच खांबाची निकड नाही, सावलीची आहे. तरी वऱ्हाडात तिच्या वाफ्यातही शेवरी आणि पांगारा उभे राहिले. आधार हेच कारण असते तर निदान इथे तरी हा खटाटोप वाचला असता.

दुसरी बाजू उत्तरेकडे पाहिली की उजळते. बुंदेलखंडात आणि गंगेच्या खोऱ्यात पानवेल बरेजात वाढते: बांबूचे खांब, वरून गवताचे छप्पर, चारी बाजूंनी कुडाच्या भिंती. ती एक बंद खोलीच. वऱ्हाडने खोली बांधली नाही, झाडी उभी केली. कोणती पद्धत श्रेष्ठ, हा वाद निष्फळ आहे; बरेजात उजेड सगळीकडे सारखा पडतो आणि झाडांच्या मुळांशी स्पर्धा नसते, हे मान्य केलेच पाहिजे. पण गवती छप्पर वऱ्हाडच्या वैशाखातल्या वावटळीत टिकवायचे आणि दर साली नव्याने शाकारायचे, यापेक्षा मुळे धरून उभे असलेले छप्पर इथे जास्त परवडले असावे. आणि पान तरी कोणते? अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त पानांच्या सहा जाती नोंदवल्या, त्यांत पिवळसर रंगाची, चव-वासाला चांगली अशी कपुरी आहे. त्याच नावाचे पान विदर्भात आजही ओळखीचे. मधल्या सव्वाचारशे वर्षांत वाण तोच राहिला का, हे नावावरून सिद्ध होत नाही. पण फिकट पानाची आवड जुनी आहे, आणि तो फिकटपणा उन्हाने करपल्याचा नको, सावलीत जपल्याचा हवा.

आता उतरणीचे. हे मळे पाण्याअभावी संपले, असे सर्रास म्हटले जाते; गुटख्याने संपले, असेही. पाण्याचे महत्त्व नाकारणे वेडेपणाचे होईल. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे, तिथल्या विहिरींचे पाणी पिकाला चालत नाही. पानमळे सातपुड्याच्या पायथ्याला चिकटून राहिले याचे कारण गोडे पाणीच. मात्र पाणी हेच एकमेव कारण असते तर पायथ्याच्या त्याच पट्ट्यात संत्रा आणि केळी उभी राहिली नसती, आणि ती तर भरपूर पाणी पितात. गुटखा तर फारच उशिरा आला. रसेल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांताच्या जाती-जमातींवर जो ग्रंथ काढला, त्यात बारी (त्यांच्या नोंदीत बरई) समाजाची संख्या १९११ मध्ये सुमारे ६०,००० दिली असून त्यांच्या मुख्य वस्तीत अमरावती आणि बुलढाणा जिल्हे येतात. त्यांच्या ३३,००० कामकऱ्यांपैकी पान पिकवणारे आणि विकणारे फक्त १४,००० उरले होते, बाकीचे साध्या शेतीला आणि मजुरीला लागलेले. ही कूपनलिकांच्या, गुटख्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. हा आकडा संपूर्ण प्रांताचा आहे, एकट्या वऱ्हाडचा नाही, हे खरे. पण कापसाच्या पन्नास वर्षांनी इथे वेगळे काही घडले असेल असे मानायला आधार नाही. कापूस मजूर मोसमात मागतो आणि मग सोडून देतो. पानमळ्याला रोज एक जाणती नजर लागते: आज कुठली फांदी उतरवायची, उद्या कुठे डहाळी झाकायची. मजुरीच्या बाजारात अशा नजरेला वेगळा भाव मिळत नाही. घरातली पोरे शाळेत आणि नोकरीत गेली, जायलाच हवी होती, तेव्हा विहिरीत पाणी असूनही मळा पोरका झाला.

शेडनेट आल्यावर हा सारा प्रश्न सुटला, असा शेवटचा आक्षेप. नेटखाली पानवेल येते, चांगली येते, आणि ज्याच्याकडे भांडवल आहे त्याने ती जरूर करावी. फक्त नेट सावलीची जी टक्केवारी घेऊन येते तीच ती वैशाखात देते आणि तीच श्रावणात. पावसाळ्यात उजेड वाढवायचा तर कापड गुंडाळावे लागते, आणि ते कधी गुंडाळायचे हे ठरवायला परत तीच जाणती नजर लागते. वादळात फाटलेले कापड नवे विकत आणावे लागते, मोडलेली शेवरी पुन्हा टोकली की झाले. अंजनगाव-अकोट भागात पानपिंपळी आजही घेतली जाते, तिची फळे आणि मुळे औषधी बाजारात जातात. तिच्यासाठी खते, पाणी, लागवडीचे अंतर यांचे तपशील कृषी-पत्रिकांत सापडतात. सावलीबद्दल बहुधा एक ओळ, ‘पुरेशी सावली ठेवावी’ अशी. पुरेशी म्हणजे किती, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या अंगाने, याची नोंद एका एका मळ्यात उभे राहून, कोयता चालवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना विचारून करता येण्यासारखी आहे, आणि कृषी विद्यापीठ अकोल्यातच आहे.