इंजिन चालू ठेवून बघायचं तेल

आजची गोष्ट सुरू होते डहाणूला, मामाच्या चिकूवाडीत. तिथे त्याची जुनी ऑटोमॅटिक गाडी उभी असते. गेल्या पावसाळ्यात आम्ही तीच घेऊन तलासरीला निघालो. आशागड गेलं, चारोटीला हायवेला लागलो आणि थोडं पुढे गेल्यावर गाडीने दगा दिला. रेस द्यावी तर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी काही वेग घेईना. मागून ट्रकचे हॉर्न, मागच्या सीटवर आजी. कशीबशी कडेला घेतली.

मामा म्हणाला, "अरे, गिअरबॉक्सचं तेल सकाळीच बघितलंय. फुल होतं!" बघितलं होतं हे खरंच. पण इंजिन बंद ठेवून, जसं आपण इंजिन ऑइल बघतो तसं. घोळ तिथेच होता.

तो समजायला 1905 मध्ये जाऊ. जर्मन इंजिनियर हेरमान फ्योटिंगर यांच्यापुढे जहाजांचा प्रश्न होता. टर्बाइन फार जोरात फिरतं, पंखा मात्र हळू फिरायला हवा. त्यांनी दोघांच्या मध्ये दात्यांऐवजी द्रव घातला. एक पात्यांचं चाक द्रव फेकतं, त्या जोराने दुसरं फिरतं. हीच कल्पना पुढे गाडीत आली. जनरल मोटर्सने 1939 मध्ये 'हायड्रा-मॅटिक' गिअरबॉक्स आणला आणि 1940 च्या ओल्ड्समोबिलमधून क्लचचं पेडल गेलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या स्टुअर्ट रणगाड्यांतही हाच होता.

म्हणजे हे तेल फक्त वंगण नाही. इंजिनाची ताकद तेच पुढे नेतं, आतले क्लच तेच दाबतं, उष्णताही तेच वाहून नेतं. इंजिन चालू असताना पंप ते वर खेचतो. बंद केलं की त्यातलं काही खाली ट्रेमध्ये उतरतं आणि पातळी उगाच जास्त दिसते. मामाचं 'फुल' प्रत्यक्षात कमी होतं. तेल कमी असलं की पंप हवा ओढतो आणि क्लच घसरतात.

याच तेलात एकेकाळी स्पर्म व्हेल माशाचं तेल मिसळत, क्लच अलगद धरावेत म्हणून! 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्यावर बंदी आणली आणि कंपन्यांना नवं मिश्रण शोधावं लागलं.

आपल्याकडे मात्र अँबेसेडर आणि पद्मिनी, दोन्ही क्लचवाल्या. म्हणून ऑटोमॅटिकची ही सवय घराघरांत रुजलीच नाही. 2014 मध्ये सेलेरिओने स्वस्त एएमटी आणली, पण ती मुळात साध्याच गिअरबॉक्सवर चालते. बऱ्याच नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत तर तेल बघायची पट्टीच नसते.

जुनी ऑटोमॅटिक असेल तर बहुतेक गाड्यांत असं करा. पंधरा-वीस मिनिटं चालवून सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा. ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा सगळ्या जागांवरून फिरवा, परत 'पी' वर आणा. इंजिन चालूच ठेवा. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून गरम तेलाच्या खुणेशी पातळी बघा. ओढणी, बाह्या पंख्यापासून लांब! वर तेल टाकायचं तर थोडं थोडं. जास्त झालं तर फेस होतो. होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मात्र उलटं: गरम इंजिन बंद करून दीडेक मिनिटाच्या आत बघायचं. म्हणून आधी गाडीचं पुस्तक वाचा.

तलासरीच्या मेकॅनिकने गाडीखाली लाल थेंब दाखवले. इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणूनच या तेलाला लाल रंग देतात. कूलरकडे जाणारा पाइप गळत होता. तेलाला जळका वास नव्हता, म्हणून गिअरबॉक्स वाचला. मामा आता शेडच्या फरशीवर पुठ्ठा टाकतो आणि रोज सकाळी चहाआधी त्यावर लाल डाग पडलाय का ते बघतो.