संत गोन्सालो गार्सिया : क्रूसावरील स्तुतिगान

पेरलेले उगवत नाही आणि दुबार पेरणीसाठी पैसा कोठून आणावा हा प्रश्न उभा राहतो. फुलंब्री परिसरातील कोरडवाहू शेतकऱ्याला हा अनुभव नवा नाही. अशा वेळी 'देवाची स्तुती करा' असे वेदीवरून सांगणे आम्हां धर्मगुरूंना सोपे जाते. त्या घरात बसून सांगणे अवघड. म्हणून उपदेशाऐवजी येथे महाराष्ट्राच्याच एका संताची माहिती देत आहोत.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. कोवळ्या वयातच ते येशूसंघीय धर्मगुरूंसमवेत जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि अनेक वर्षे धर्मशिक्षणाचे कार्य केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. ते व्यापारात उतरले, त्यात त्यांचा जमही बसला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघाचे व्रतस्थ बंधू झाले आणि १५९३ मध्ये संत पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून जपानला परतले. त्यांच्या रक्तसाक्षीची कथा सांगताना नकाराच्या या वर्षांचा उल्लेख सहसा होत नाही. आम्हांस ती वर्षे तितकीच मोलाची वाटतात.

१५९६ च्या अखेरीस जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने अटकेचा हुकूम काढला. बंदिवानांचे डावे कान कापून ऐन हिवाळ्यात त्यांना क्योतोपासून नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रूसांवर भाल्यांनी भोसकून ठार करण्यात आले. त्यांत सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुईस अवघा बारा वर्षांचा. परंपरेने आलेल्या वृत्तांतानुसार अंतोनियो या मुलाने पेद्रो बाप्तिस्ता यांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेले स्तोत्र गाण्याची विनंती केली. ते ध्यानमग्न होते, म्हणून मुलांनीच ते गायिले. नवे शब्द सुचण्याची ती घटका नव्हती. साध्या दिवसांत पाठ केलेलेच त्या दिवशी ओठांवर आले.

पोप आठवे उर्बन यांनी १६२७ मध्ये या रक्तसाक्षींना धन्यवादित, तर नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी संत म्हणून घोषित केले. त्यांचा सण ६ फेब्रुवारीस असतो.

मुलांनी गायिलेले ते स्तोत्र ११३ वे. धुळीत पडलेल्या दीनाला उठवणाऱ्या परमेश्वराची ती स्तुती आहे. त्यात नऊच ओव्या आहेत. घरच्या सायंप्रार्थनेत आठवड्याभरात मुलांना पाठ होऊ शकतील.